प्रभागांच्या याद्या आणि वेबपानावरील घटकसंग्रह

मीरा-भाईंदर शहराविषयीची उपयुक्त माहिती वेबपानावर मांडायची झाली तर ती बहुधा यादीच्या रूपात येते. पश्चिम रेल्वेवरील दहिसर, मीरा रोड, भाईंदर, नायगाव, वसई रोड, नालासोपारा आणि विरार ही स्थानके, महानगरपालिकेचे प्रभाग, नवघर, गोडदेव, खारी, राई, मुर्धा, मोर्वा, डोंगरी, उत्तन ही शहरात सामावलेली जुनी गावे, या सर्व याद्याच होत. अशी यादी पानावर दिसू लागते तेव्हा ती दोन ठिकाणी, दोन वेगळ्या रूपांत नांदत असते. एक रूप जावास्क्रिप्टच्या स्मृतीतले असते आणि त्याला ॲरे म्हणतात. दुसरे रूप ब्राउझरने उभारलेल्या पानातले असते आणि ते हाताळता यावे म्हणून ब्राउझर पृष्ठघटकांचा एक संग्रह हाती देतो. ही दोन्ही रूपे वरवर इतकी सारखी दिसतात की नवशिका, आणि घाईत असलेला अनुभवीही, एकाचे नियम दुसऱ्याला लावून मोकळा होतो. वेबपानांतील अनेक चिवट दोषांचे मूळ या गफलतीत असते. प्रस्तुत लेखात आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे सुटी करून दिली आहेत. प्रत्यक्ष प्रोग्राममध्ये ती रोमन लिपीत आणि जोडूनच लिहावी लागतात.

ॲरे : क्रम हीच माहिती

ॲरे म्हणजे एका नावाखाली क्रमाने ठेवलेल्या मूल्यांची यादी. तिच्यातील प्रत्येक मूल्याला शून्यापासून सुरू होणारा अनुक्रमांक असतो आणि एकूण किती मूल्ये आहेत हे ‘लेंग्थ’ या गुणधर्मातून कळते. २४ प्रभागांची यादी ॲरेत ठेवली तर पहिला प्रभाग शून्य क्रमांकावर आणि चोविसावा २३ क्रमांकावर बसतो. हा एकाचा फरक सांभाळण्यासाठी शून्याची जागा रिकामी सोडण्याची युक्ती काही जण करतात, पण ती पुढे मोजणीत हमखास अडचण आणते. त्याऐवजी प्रत्येक नोंद हा एक ऑब्जेक्ट, म्हणजे नावे दिलेल्या गुणधर्मांचा संच, करावा आणि प्रभागाचा खरा क्रमांक त्यात स्वतंत्र गुणधर्म म्हणून लिहावा. ॲरेतील अनुक्रमांक हा जागेचा क्रमांक असतो, नोंदीची ओळख नव्हे. यादीचा क्रम बदलताच जागा बदलते, ओळख बदलता कामा नये.

ॲरेच्या आत ॲरे ठेवता येतो आणि त्याची गरज कशी पडते हे मीरा-भाईंदरच्याच उदाहरणावरून स्पष्ट होते. २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिकेचा दर्जा मिळालेल्या या शहरात २०१७ची निवडणूक बहुसदस्यीय प्रभाग पद्धतीने झाली. २४ प्रभागांपैकी २३ प्रभागांत प्रत्येकी चार आणि एका प्रभागात तीन अशा एकूण ९५ जागा होत्या. ही रचना प्रोग्राममध्ये मांडताना बाहेरचा ॲरे २४ घटकांचा आणि आतील ॲरे चार किंवा तीन घटकांचे असे चित्र तयार होते. सर्व नगरसेवकांची सलग यादी हवी असेल तर ‘फ्लॅट’ ही मेथड, म्हणजे ॲरेला जोडलेले फंक्शन, एका पातळीचे आवरण काढून नवा ॲरे देते आणि त्याची ‘लेंग्थ’ ९५ भरली की आकडा जुळल्याची खात्री होते. केवळ बेरीज हवी असेल तर ‘रिड्यूस’ पुरते. ही मेथड एकेका घटकावरून पुढे सरकत आधीच्या निकालात पुढची भर घालते. येथे सुरुवातीचे मूल्य म्हणून शून्य न विसरता द्यावे, कारण ते दिले नाही तर पहिला घटकच आरंभमूल्य धरला जातो आणि यादी रिकामी असली तर प्रोग्राम त्रुटी दाखवून थांबतो. ‘फ्लॅट’च्या नावाला एक छोटा इतिहास आहे. या मेथडचे नाव आधी ‘फ्लॅटन’ ठरले होते, परंतु मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीने त्याच नावाची स्वतःची मेथड ॲरेत घुसवलेली असल्यामुळे जुनी संकेतस्थळे मोडतील असे २०१८ मध्ये लक्षात आले आणि जावास्क्रिप्टच्या २०१९च्या प्रमाणकात ‘फ्लॅट’ हे आखूड नाव स्वीकारले गेले. भाषेच्या मूळ वस्तूंत स्वतःची भर घालू नये, या नियमाला याहून बोलका दाखला क्वचितच मिळेल.

आत ॲरे असलेला रिकामा सांगाडा तयार करताना एक सापळा असतो. २४ जागांचा ॲरे करून तो ‘फिल’ या मेथडने रिकाम्या ॲरेने भरला तर २४ वेगवेगळे ॲरे तयार होत नाहीत, तर एकाच ॲरेकडे बोट दाखवणाऱ्या २४ जागा तयार होतात. पहिल्या प्रभागात एक नाव घालावे आणि ते चोविसाही प्रभागांत उमटावे असा चमत्कार त्यामुळे घडतो. प्रत्येक जागेसाठी नवा ॲरे हवा असेल तर ‘ॲरे फ्रॉम’ या फंक्शनला लांबी आणि दर वेळी नवा ॲरे परत देणारे छोटे फंक्शन द्यावे. प्रत करतानाही हेच भान लागते, कारण तीन टिंबांच्या प्रसार-चिन्हाने केलेली प्रत उथळ असते. बाहेरचा ॲरे नवा होतो, पण आतील ॲरे जुनेच राहतात. आतपर्यंत स्वतंत्र प्रत हवी असेल तर आजच्या ब्राउझरांत ‘स्ट्रक्चर्ड क्लोन’ हे फंक्शन उपलब्ध आहे.

यादीतील क्रम ही स्वतंत्र माहिती असते आणि ती सर्वांत सहज हरवते. दहिसरपासून विरारपर्यंतच्या सात स्थानकांचा क्रम भूगोलाने ठरवलेला आहे. मीरा रोडनंतर भाईंदर आणि खाडी ओलांडल्यावर नायगाव हे ॲरेत कोठेही वेगळे लिहिलेले नसते, ते केवळ जागेवरून कळते. अशा ॲरेवर ‘सॉर्ट’ चालवून वर्णानुक्रम लावला तर ही मेथड नवी यादी न देता मूळ यादीच बदलते आणि भौगोलिक क्रम कायमचा नाहीसा होतो. परतीच्या गाड्यांसाठी ‘रिव्हर्स’ वापरले तरी तोच प्रकार घडतो. याला उतारा म्हणून २०२३च्या प्रमाणकाने ‘टू सॉर्टेड’ आणि ‘टू रिव्हर्स्ड’ या मेथड आणल्या आहेत, ज्या मूळ यादीला हात न लावता नवी यादी देतात. जुन्या मोबाइलवरील ब्राउझरांचा विचार करायचा असेल तर आधी ‘स्लाइस’ने प्रत काढून मग ती प्रत लावावी.

‘सॉर्ट’ची दुसरी खोड अशी, की तुलनेचा नियम दिला नाही तर ही मेथड प्रत्येक मूल्याला मजकूर समजून अक्षरशः तुलना करते, त्यामुळे प्रभाग क्रमांक १, १०, ११ असे १९ पर्यंत जाऊन मग २, २०, २१ असे येतात. आकड्यांसाठी एकातून दुसरा वजा करणारे तुलना-फंक्शन द्यावे. काही जण या फंक्शनातून ‘मोठा आहे की नाही’ एवढेच सत्य-असत्य उत्तर परत देतात; तसे करू नये, कारण ‘सॉर्ट’ला ऋण, शून्य किंवा धन अशी तीन प्रकारची उत्तरे अपेक्षित असतात आणि दोनच मिळाली तर काही ब्राउझरांत यादी अर्धवट लागलेली राहू शकते.

संग्रह ॲरे का नसतात

ब्राउझर वेबपान वाचतो तेव्हा त्यातील प्रत्येक परिच्छेद, ओळ, दुवा व तक्ता यांसाठी स्मृतीत एकेक वस्तू तयार करतो आणि त्या वस्तूंची झाडासारखी रचना उभारतो. या रचनेला संक्षेपाने डॉम म्हणतात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने डॉमचे पहिले प्रमाणक ऑक्टोबर १९९८ मध्ये मान्य केले तेव्हा ते केवळ जावास्क्रिप्टसाठी नव्हते. जावासारख्या भाषांतूनही ते वापरता यावे असा हेतू होता. म्हणून घटकांच्या यादीसाठी जावास्क्रिप्टचा ॲरे न घेता ‘नोडलिस्ट’ आणि ‘एचटीएमएल कलेक्शन’ असे भाषानिरपेक्ष प्रकार निर्माण करण्यात आले, ज्यांना लांबी आणि अनुक्रमांकाने घटक काढण्याची सोय यांहून फारसे काही दिलेले नव्हते. आजही संग्रहाला ‘लेंग्थ’ असते, चौकटी कंसात अनुक्रमांक लिहून घटक मिळतो, आणि तरीही ‘मॅप’, ‘फिल्टर’, ‘रिड्यूस’ या मेथड त्याला लावल्या की ‘असे फंक्शन नाही’ असे उत्तर येते. संग्रह ॲरेसारखा असतो, ॲरे नसतो.

दोन प्रकारांतही भेद आहे. ‘नोडलिस्ट’ला ‘फॉर ईच’ ही मेथड आधुनिक ब्राउझरांत मिळते, ‘एचटीएमएल कलेक्शन’ला ती मिळत नाही, ‘फॉर-ऑफ’ हा लूप मात्र दोघांवरही चालतो. ‘फॉर-इन’ हा लूप यादीसाठी कधीही वापरू नये, कारण तो मूल्ये देत नाही, गुणधर्मांची नावे देतो, आणि संग्रहाच्या बाबतीत अनुक्रमांकांबरोबर ‘लेंग्थ’ व ‘आयटम’ ही नावेही घटक असल्यासारखी हाती येतात.

सात स्थानकांची यादी पानावर सात ओळींत, प्रत्येक नोंद स्वतंत्र ओळीवर, लिहिलेली असेल आणि तिच्या पालक घटकाला ‘चाइल्ड नोड्स’ विचारले तर उत्तर सात न येता पंधरा येते, कारण नोंदींच्या आधी, मध्ये आणि नंतर असलेल्या आठ रिकाम्या जागाही डॉममध्ये मजकुराचे नोड म्हणून गणल्या जातात. केवळ घटक हवे असतील तर ‘चिल्ड्रन’ विचारावे. तक्त्याच्या ‘रोज’ या संग्रहातही अशीच एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती म्हणजे त्यात शीर्षकाची ओळही मोजली जाते. प्रभागांच्या २४ ओळी असताना संग्रह पंचवीस सांगू लागला तर कारण येथे शोधावे आणि तक्त्याच्या मुख्य भागाचाच ‘रोज’ संग्रह घ्यावा.

निवडीची सर्वांत सोयीची मेथड ‘क्वेरी सिलेक्टर ऑल’ ही होय. तिला सिलेक्टर, म्हणजे घटक कसा ओळखावा याचे सीएसएस या पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेच्या पद्धतीने केलेले वर्णन, द्यावे लागते. काहीच सापडले नाही तर ती रिकामा संग्रह देते, तर एकच घटक शोधणारी ‘क्वेरी सिलेक्टर’ अशा वेळी ‘नल’ देते. रिकामा संग्रहही अटीत सत्यच धरला जातो, म्हणून ‘सापडले का’ हे पाहण्यासाठी संग्रह नव्हे तर त्याची लांबी तपासावी. प्रभागांच्या ओळींना नुसता क्रमांक ओळखचिन्ह म्हणून देण्याची प्रथाही येथे अडते: इंग्रजी अंकाने सुरू होणारे ओळखचिन्ह सिलेक्टरमध्ये जसेच्या तसे लिहिले तर व्याकरणदोष ठरतो, ‘गेट एलिमेंट बाय आयडी’ला मात्र ते चालते. देवनागरी अंकांनी सुरू होणारे ओळखचिन्ह सिलेक्टरलाही चालते, हा योगायोग गमतीचा असला तरी त्यावर विसंबण्यापेक्षा क्रमांकाच्या आधी ‘प्रभाग’ असा शब्द जोडणे शहाणपणाचे. घटकांच्या क्लासची, म्हणजे त्यांना गटवार ओळखण्यासाठी दिलेल्या खुणेची, नावे देवनागरीत ठेवायला ब्राउझरची काहीच हरकत नसते.

जिवंत आणि स्थिर

संग्रहांविषयी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न प्रकाराचा नाही, संग्रह जिवंत आहे की स्थिर हा आहे. ‘गेट एलिमेंट्स बाय क्लास नेम’, ‘गेट एलिमेंट्स बाय टॅग नेम’, ‘चिल्ड्रन’, ‘चाइल्ड नोड्स’ आणि तक्त्याचे ‘रोज’ हे सर्व जिवंत संग्रह देतात. ‘क्वेरी सिलेक्टर ऑल’ स्थिर संग्रह देते. जिवंत संग्रह म्हणजे स्थानकावरील इंडिकेटर आणि स्थिर संग्रह म्हणजे छापील वेळापत्रक: पहिला दर क्षणी पानाची चालू स्थिती दाखवतो, दुसरा मागितला त्या क्षणाची. स्थिर म्हणजे घटकांच्या प्रती असा अर्थ मात्र काढू नये. स्थिर संग्रहातील घटक हे पानावरचेच मूळ घटक असतात आणि त्यांचा मजकूर बदलला की पानावर तो बदललेला दिसतो. स्थिर असते ती फक्त यादीतील सदस्यता. म्हणूनच पानातून काढून टाकलेला घटक स्थिर संग्रहात तसाच राहतो, आणि तो अजून पानाशी जोडलेला आहे का हे ‘इज कनेक्टेड’ या गुणधर्मावरून तपासावे लागते.

जिवंत संग्रहामुळे फसवणूक कशी होते हे सात स्थानकांवर पाहता येते. समजा प्रत्येक नोंदीला ‘थांबा’ हा क्लास आहे, त्या क्लासने संग्रह घेतला आहे आणि शून्यापासून पुढे जाणाऱ्या लूपमध्ये प्रत्येक नोंदीवरून तो क्लास काढायचा आहे. दहिसरवरून क्लास निघताक्षणी दहिसर संग्रहातून बाहेर पडते, मीरा रोड शून्य क्रमांकावर सरकते, आणि लूप मात्र एक क्रमांकाकडे, म्हणजे भाईंदरकडे, जातो. त्यानंतर वसई रोड, मग विरार. लूप कोणतीही त्रुटी न दाखवता संपतो आणि मीरा रोड, नायगाव, नालासोपारा ही तीन स्थानके क्लाससह तशीच राहतात. त्रुटीचा संदेश येत नाही, हीच या दोषातील वाईट गोष्ट. एक सोडून एक घटक सुटलेला दिसला तर अन्य कोठेही न शोधता आधी जिवंत संग्रह तपासावा. उलट दिशेचा प्रकार अधिक उपद्रवी आहे: जिवंत संग्रहावर लूप फिरत असताना त्याच क्लासचे नवे घटक पानात भरत राहिले तर लांबी दर फेरीला वाढते, लूप कधीच संपत नाही आणि ब्राउझरचा तो टॅब गोठतो.

यावर शेवटाकडून सुरुवातीकडे येणारा लूप लिहिणे किंवा संग्रह रिकामा होईपर्यंत पहिलाच घटक हाताळत राहणे असे उपाय जुन्या पुस्तकांत दिलेले असतात आणि ते चालतातही, परंतु वाचणाऱ्याला त्यांचे कारण उमगत नाही व पुढचा प्रोग्रामर तो लूप ‘सरळ’ करून दोष परत आणतो. संग्रह हाती येताच त्याचा ॲरे करून घेणे हा अधिक स्वच्छ मार्ग होय. हाच दोष खऱ्या ॲरेतही होऊ शकतो, हे येथे जोडून सांगितले पाहिजे: पुढे जाणाऱ्या लूपमध्ये ‘स्प्लाइस’ने घटक काढत गेल्यास ॲरेतही एक सोडून एक घटक सुटतो. तेथे ‘फिल्टर’ वापरून उरलेल्या घटकांचा नवा ॲरे घ्यावा.

पानातून ॲरेत, ॲरेतून पानात

संग्रहाचा ॲरे करण्यासाठी २०१५च्या प्रमाणकापासून ‘ॲरे फ्रॉम’ आणि प्रसार-चिन्ह हे दोन मार्ग आहेत. ‘ॲरे फ्रॉम’ला दुसरे मूल्य म्हणून फंक्शन देता येते, त्यामुळे सात नोंदींपासून सरळ सात नावांचा ॲरे एका पायरीत मिळतो. त्याआधीच्या काळात ॲरेची ‘स्लाइस’ उसनी घेऊन ती संग्रहावर चालवत असत. जुन्या संकेतस्थळांच्या प्रोग्राममध्ये तशा ओळी आढळल्या तर त्या याच कामासाठी आहेत हे ओळखावे. जॉन रेसिग यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेली जेक्वेरी ही लायब्ररीही अशा संकेतस्थळांत अजून भेटते. तिचा संग्रह हा आणखी तिसराच प्रकार असून तिच्या ‘ईच’मध्ये फंक्शनला आधी अनुक्रमांक आणि मग घटक मिळतो, तर ॲरेच्या ‘फॉर ईच’मध्ये आधी घटक आणि मग अनुक्रमांक मिळतो. जेक्वेरी काढून टाकताना ही अदलाबदल विसरली की घटकाच्या जागी शून्य, एक, दोन असे आकडे येऊन बसतात.

तरीही मुळात पानातून माहिती वाचण्याची वेळ शक्यतो येऊ देऊ नये. प्रभाग, स्थानके, गावे यांची अस्सल यादी ॲरेत ठेवावी, गाळणी, क्रमवारी, मोजणी ही कामे ॲरेवर करावीत आणि पान हे त्या ॲरेचे केवळ दर्शन समजावे. पानावरील तक्त्यालाच साठा मानून त्यातून आकडे पुन्हा वाचणारे प्रोग्राम आरंभी सोपे वाटतात, पण तक्त्यात एक स्तंभ वाढला किंवा आकड्यापुढे एखादे चिन्ह आले की ते कोसळतात. दुसऱ्याने केलेले तयार पान हाताळायचे असेल तेव्हा मात्र पर्याय नसतो. मग एकदाच, सुरुवातीलाच वाचावे आणि पुढचे सर्व ॲरेवर करावे.

ॲरेतून पान घडवताना प्रत्येक नोंदीसाठी घटक तयार करावा, त्यात मजकूर ‘टेक्स्ट कंटेंट’ने घालावा आणि सर्व घटक एकदमच ‘रिप्लेस चिल्ड्रन’ने पालकात बसवावेत. मजकूर जोडून जोडून ‘इनर एचटीएमएल’मध्ये लिहिण्याची सवय आकर्षक असली तरी तिचे दोन तोटे आहेत. नागरिकाने अर्जात भरलेला मजकूर तसाच त्यात गेला तर तो मजकूर न राहता पानाचा भाग होतो आणि त्यातून परका प्रोग्राम चालवला जाऊ शकतो. शिवाय जुने घटक पुसले जात असल्याने त्यांना जोडलेल्या क्रिया, अर्धवट भरलेले रकाने आणि कर्सरची जागा हे सर्व नष्ट होते.

तयार तक्त्याचा क्रम बदलायचा असेल तर घटक पुन्हा घडवण्याचीही गरज नसते. ओळींचा ॲरे करावा, तो हव्या नियमाने लावावा आणि त्या क्रमाने प्रत्येक ओळ तक्त्याच्या मुख्य भागात पुन्हा जोडावी. डॉममधील घटक एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो, त्यामुळे असलेला घटक पुन्हा जोडला की त्याची दुसरी प्रत होत नाही, तो जुन्या जागेवरून उचलला जाऊन नव्या जागी बसतो आणि त्याला जोडलेल्या क्रियाही शाबूत राहतात. ९५ नावांच्या तक्त्यात प्रत्येक ओळीला क्लिकची स्वतंत्र क्रिया जोडण्याऐवजी तक्त्याला एकच क्रिया जोडून, क्लिक कोणत्या ओळीत झाला हे ‘क्लोझेस्ट’ने शोधणे चांगले; मग नंतर भरल्या गेलेल्या ओळींसाठी वेगळे काही करावे लागत नाही.

मराठी मजकुराची पथ्ये

इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शिकांत न सापडणारा आणि मराठी पानावर मात्र रोज भेटणारा भाग आता पाहू. पानावर देवनागरी अंकांत छापलेला आकडा वाचून ‘नंबर’ या फंक्शनला दिला तर उत्तर ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडा नव्हे’, असे येते. जावास्क्रिप्टला देवनागरी अंक संख्या म्हणून वाचता येत नाहीत. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ असून पुढचे नऊ अंक ओळीने येतात, म्हणून प्रत्येक अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा करून त्याचे इंग्रजी रूप काढणारे छोटे फंक्शन लिहून ठेवावे. स्वल्पविरामही आधी काढावे लागतात. २०११च्या जनगणनेतील मीरा-भाईंदरची ८,०९,३७८ ही लोकसंख्या इंग्रजी अंकांत पण स्वल्पविरामांसह ‘पार्स इंट’ला दिली तर ते फंक्शन पहिल्या स्वल्पविरामाशी थांबून केवळ ८ सांगते, आणि ‘नॅन’पेक्षा हे उत्तर अधिक घातक, कारण ते खरे वाटते. रिकामा रकाना ‘नंबर’ला दिल्यास शून्य मिळते, हेही त्याच जातीचे. ॲरेतील सर्व मजकुरांचे आकडे करण्यासाठी ‘मॅप’ला ‘पार्स इंट’ थेट देऊ नये, कारण ‘मॅप’ त्याला अनुक्रमांकही देतो आणि तो अनुक्रमांक संख्यापद्धतीचा पाया समजला जाऊन निकाल विचित्र येतात. उलट दिशेचे काम सोपे आहे: ‘इंटल नंबर फॉरमॅट’ला मराठी-भारत असा संकेत दिला की तो देवनागरी अंक आणि लाख-कोटींचे स्वल्पविराम स्वतःच मांडतो.

वर्णानुक्रमाचेही तसेच. साधे ‘सॉर्ट’ युनिकोडच्या क्रमांकांप्रमाणे मजकूर लावते आणि युनिकोडमध्ये ‘ळ’ हे अक्षर ‘ल’च्या लगेच पुढे आहे, तर मराठी वर्णमालेत ते ‘ह’नंतर येते. परिणामी पालघर जिल्ह्यातील केळवे रोड हे स्थानक उत्तनच्या केशवसृष्टीच्या आधी लागते, जेव्हा मराठी वाचकाची अपेक्षा याच्या उलट असते. ‘इंटल कोलेटर’ला मराठीचा संकेत देऊन त्याचे तुलना-फंक्शन ‘सॉर्ट’ला दिले की ब्राउझर आपल्याजवळचे मराठीचे क्रमनियम लावतो; तो एकदाच तयार करून पुन्हा पुन्हा वापरावा, कारण प्रत्येक तुलनेसाठी नवा करणे मोठ्या यादीत महाग पडते.

शोध आणि गाळणी करताना दिसायला सारखा मजकूर आतून वेगळा असू शकतो. ‘ऱ’ हे अक्षर एका क्रमांकाने किंवा ‘र’ व खालचा नुक्ता अशा दोन क्रमांकांनी लिहिता येते. ‘नॉर्मलाइझ’ ही मेथड दोन्हींना एकाच रूपात आणते. ‘ॲ’चे मात्र तसे होत नाही: स्वतंत्र अक्षर आणि ‘अ’वर चंद्र या दोन रूपांना युनिकोड समान मानत नाही, त्यामुळे तो बदल स्वतःच करून घ्यावा लागतो. लेखनभेदांवर तर कोणतीही मेथड चालत नाही. महापालिकेच्या नावात ‘मिरा’ आणि रोजच्या लेखनात ‘मीरा’ ही दोन्ही रूपे रूढ आहेत, आणि ‘इन्क्लूड्स’ने एक शोधले तर दुसरे सापडत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीत दाखवायच्या नावाबरोबर एक न बदलणारा संकेत आणि शोधासाठी पर्यायी रूपांचा छोटा ॲरे ठेवावा. दोन नोंदी एकच आहेत का हे संकेतावरून ठरवावे, नावावरून नव्हे.

मजकूर तोडतानाही हेच भान ठेवावे. मजकुराची ‘लेंग्थ’ वाचकाला दिसणारी अक्षरे मोजत नाही, मात्रा आणि अनुस्वार यांनाही स्वतंत्र एकक धरते. ‘भाईंदर’ची लांबी ती सहा सांगते आणि पहिली तीन एकके घेतली तर अनुस्वार मागे राहून ‘भाई’ एवढेच उरते. अरुंद पडद्यावर नावे आखूड करण्याची वेळ आली तर शक्यतो ते काम सीएसएसवर सोपवावे, आणि प्रोग्राममधूनच करायचे असेल तर ‘इंटल सेगमेंटर’ने मजकुराचे भाग पाडून, त्यांचा ‘ॲरे फ्रॉम’ने ॲरे करून, हवे तितके भाग पुन्हा जोडावेत, ‘भाईंदर’चे तेथे ‘भा’, ‘ईं’, ‘द’, ‘र’ असे चारच भाग मिळतात. ‘सेगमेंटर’ सर्व प्रमुख ब्राउझरांत २०२४ मध्ये पोहोचला, त्यामुळे तो उपलब्ध आहे का हे आधी तपासून, नसेल तर नाव न तोडता पूर्ण दाखवावे.